सिलतऱ्याचा रस्ता आणि सायकलची हवा

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की साधारण पाच तासांत रायपूर येते. डोंगरगडची टेकडी मागे पडते, राजनांदगाव जाते, भिलाईची धुराडी दिसू लागतात आणि मग सामान आवरायला घ्यावे. आमची ताई लग्न होऊन या गावी आली त्याला आता पस्तीस वर्षे झाली. तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता. 2000 साली 1 नोव्हेंबरला छत्तीसगड वेगळे झाले आणि रायपूरला राजधानीचा मान मिळाला.

मराठी माणसाला हे गाव तसे परके वाटत नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे होता. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहत. पुढे 1956 पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात नांदले. तात्यापाऱ्यात आजही मराठी बोल कानांवर पडतात.

या खेपेला मात्र मी पाहुणचारासाठी गेलो नव्हतो. ताईने फोनवर सांगितले होते, "अरे, चार दिवस येऊन जा. तुझ्या भाच्याला तूच काय ते समजाव. माझं ऐकत नाही." लग्नाची बोलणी फिसकटली की काय, अशा शंकेने मी निघालो. पोहोचल्यावर कळले की घरातला तंटा सायकलच्या टायरवरून होता.

रात्री साडेबाराची गोष्ट

भाचा सिलतऱ्याच्या एका रोलिंग मिलमध्ये नोकरीला आहे. सिलतरा रायपूरपासून चौदा-पंधरा किलोमीटरवर, बिलासपूरच्या रस्त्याला. घरात मोटारसायकल असूनही हा पठ्ठ्या कामावर सायकलने जातो. गिअरची सायकल आहे, डोक्यावर हेल्मेट असते, मागे लाल दिवा लुकलुकतो. वजन आठ किलोने उतरले म्हणून भाऊजी खूश होते. ताईचीही तक्रार नव्हती. पण पौष महिन्यात एका रात्री गणित बिघडले.

दुसरी पाळी रात्री दहाला सुटते. पावणेअकरा-अकराला पोरगा घरी येतो. त्या रात्री साडेअकरा झाले, बारा झाले तरी पत्ता नाही. फोन बंद. ताई ओट्यावर उभी. साडेबाराला हा सायकल ढकलत आला. मागचे चाक बसले होते, पंक्चरची दुकाने बंद झाली होती आणि मोबाईलची बॅटरी संपली होती. ज्या रस्त्यावरून रात्री कोळशाचे आणि लोखंडाचे ट्रक एकामागून एक धावतात, त्याच्या कडेने तो एकटा चालत आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केले, "आता ट्यूबलेस टायर बसवतो. म्हणजे पंक्चरची कटकटच नाही."

ताई म्हणाली, "त्यापेक्षा सायकलच नको. कंपनीची बस आहे ना?"

तेव्हापासून दोघांत अबोला नव्हता, पण जेवणाच्या ताटावर रोज हा विषय निघत होता. मी भंडारा जिल्ह्यात मास्तरकी केली. सतरा वर्षे शाळेत सायकलने गेलो आणि आपली पंक्चरे आपणच काढली. म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी म्हटले, "आधी मला तो रस्ता दाखव. रस्ता पाहिल्याशिवाय टायरचं काय सांगू?"

लोखंडाचा रस्ता

भाच्याच्या सुटीच्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. तो आपल्या गिअरच्या सायकलवर, मी भाऊजींच्या काळ्या अठ्ठावीस इंचीवर. फाफाडीह, खमतराई, भनपुरी, बिरगाव अशी वस्ती संपत नाही. पुढे धनेली येते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची पत्र्याची छपरे दिसू लागतात. फाल्गुन होता. मधल्या मोकळ्या तुकड्यांत पळस फुलला होता. इकडे त्याला परसा म्हणतात. त्याच्या पानांवर काळसर धूळ आणि फांदीवर केशरी फुले, असे चित्र मी आधी पाहिले नव्हते.

सिलतऱ्याच्या औद्योगिक केंद्राची आखणी मध्य प्रदेशाच्या काळातली. आज इथे स्पंज आयर्न, पोलाद, वीज यांचे लहानमोठे कारखाने दाटीने उभे आहेत. नागपूरच्या जायसवाल निको उद्योगाचा पोलाद कारखानाही इथेच आहे. स्पंज आयर्न म्हणजे न वितळवता केलेले लोखंड. खनिजाचे खडे आणि कोळसा लांबलचक फिरत्या भट्टीत सुमारे हजार अंश उष्णतेत भाजतात. खनिजातला प्राणवायू निघून जातो आणि मागे सच्छिद्र लोखंड उरते. भट्टीतून बाहेर पडल्यावर राहिलेला कोळसा आणि लोखंड एकमेकांपासून चुंबकाने वेगळे करतात. मग हे लोखंड विजेच्या भट्टीत वितळते, त्याचे चौकोनी दांडे होतात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळ्या, पट्ट्या, तारा निघतात.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की यातले थोडे थोडे रस्त्यावर सांडते. खनिजाचे खडे, सळ्यांचे तुकडे, गठ्ठे बांधायच्या तारेची टोके, लोखंडाचा कीस. ट्रकच्या चाकांना त्याचे काही वाटत नाही. त्यांच्या वाऱ्याने ते सारे कडेला जाऊन बसते, आणि सायकलवाल्याची जागा कडेलाच. त्या पलीकडे डांबर सोडून मातीत उतरावे तर बाभळीचे काटे आणि सराटे. सराट्याची ख्याती दूरवरची आहे. ही वेल अमेरिकेत पोहोचली तर तिथल्या लोकांनी तिचे नावच 'पंक्चरची वेल' असे ठेवले.

पहिली पाळी सहालाच लागली होती, पण आठच्या कामावर जाणारे बरेच होते. हँडलला डबा, कॅरिअरला गुंडाळलेला रेनकोट, पायांत बूट. बहुतेकांच्या सायकली माझ्यासारख्याच काळ्या. धरसिवा भागातल्या खेड्यांतून कोणी आठ तर कोणी बारा किलोमीटर मारत येतात.

सिलतऱ्याचे वळण अर्ध्या किलोमीटरवर असताना मागून फस्स आवाज आला. भाचा हसून म्हणाला, "मामा, तुम्हाला रस्ता पाहायचा होता ना? दिसला!"

कडुनिंबाखालचे दुकान

वळणाशी कडुनिंबाखाली पंक्चरचे दुकान होते. दुकान म्हणजे एक खोके, एक पंप, पाण्याचे घमेले आणि झाडाला टांगलेले जुने टायर. पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी चाक न काढताच टायरची एक बाजू पट्टीने उचकटली, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली, घमेल्यात फिरवली. बुडबुडे आले तिथे ओल्या बोटाने खूण केली. पुसून, घासून, सोल्यूशन लावले आणि ते सुकेपर्यंत खरे काम केले. टायरच्या आतून एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून बोट फिरवले. दुसऱ्या फेरीत त्यांचे बोट थांबले. चिमट्याने त्यांनी अर्ध्या बोटाएवढी तार बाहेर काढली आणि एका डब्यात टाकली.

त्या डब्यात असे पुष्कळ काही होते. मी विचारले तेव्हा त्यांनी जुन्या स्पीकरचे चुंबक काढून डब्यात फिरवले. तारा, खिळे, कीस सगळे त्याला चिकटून वर आले आणि खाली काटे राहिले. लोखंडाचा ढीग काट्यांपेक्षा मोठा होता. ते म्हणाले, "का करबो भैया, इहां तो सडकेच लोहा के हे." म्हणजे, काय करणार, इथे रस्ताच लोखंडाचा आहे.

एवढ्यात एक तरुण कामगार घाईने सायकल ढकलत आला. कपाळावर घाम. पावणेआठ वाजले होते. दुकानदारांनी माझ्याकडे नुसते पाहिले. माझे ठिगळ सुकत होते. ते तसेच ठेवून त्यांनी त्याची सायकल पुढे घेतली. मला आधी थोडा राग आला. मग भाच्याने हळूच सांगितले, "ठेकेदाराकडचा माणूस आहे. आठनंतर गेटवर गेला तर अर्धा दिवस कापतात."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की मी ज्याला टायरचा प्रश्न समजत होतो तो या माणसासाठी अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा प्रश्न आहे. ताईसाठी तो रात्रीच्या साडेबाराचा प्रश्न होता. टायर कोणता घ्यावा हे ठरवायचे, तर तो फुटल्यावर आपले काय अडते ते आधी पाहिले पाहिजे.

दहा मिनिटांत तो कामगार पॅडल मारत निघून गेला.

ट्यूबलेस म्हणजे काय?

परत येताना ढाब्यावर चहा घेत आम्ही दोघांनी हा विषय नीट सोडवायला घेतला. भाच्याने पुष्कळ वाचले होते.

हवेच्या टायरची कथा जुनी आहे. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने 1845 मध्येच तसे पेटंट घेतले होते, पण ते विस्मरणात गेले. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी पुन्हा हवेचे टायर केले. हे टायर रिमला चिकटवलेले असत आणि पंक्चर काढणे म्हणजे दिव्य असे. 1891 मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी सुटे होणारे टायर काढले, आणि त्याच वर्षी ते लावून शार्ल तेरों याने पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत जिंकली. म्हणजे टायर जगात गाजले ते पंक्चर काढायला सोपे झाले तेव्हा. सायकलींसाठी ट्यूबलेसचा पद्धतशीर प्रघात मात्र अगदी अलीकडचा, 1999 च्या सुमाराचा.

साध्या चाकात हवा ट्यूबमध्ये असते आणि टायर तिचे रक्षण करतो. ट्यूबलेसमध्ये टायर आणि रिम मिळूनच हवाबंद पोकळी होते. त्यासाठी रिमला खास खाच लागते, तारांच्या भोकांवर हवाबंद टेप लागते, वेगळा व्हॉल्व्ह लागतो. आत सीलंट नावाचा रबराच्या चिकाचा पातळ द्रव घालतात. काटा शिरला की हवेच्या जोराने तो द्रव भोकाकडे धावतो आणि तिथेच गोठून भोक बुजवतो. पुष्कळदा स्वाराला कळतही नाही.

फायदे खरे आहेत. बारीक तार, सराटा, बाभळीचा काटा यांचे भय जवळजवळ जाते. खड्ड्यात चाक आदळून ट्यूब रिमवर चेमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात, तो प्रकार ट्यूबच नसल्याने उरत नाही. त्यामुळे हवा थोडी कमी ठेवता येते आणि खराब रस्त्यावर धक्के कमी बसतात.

पण दुसरी बाजूही आहे. हा द्रव दोन ते सहा महिन्यांत सुकतो, आणि उन्हाळ्यात लवकर सुकतो. रायपूरचा मे महिना चव्वेचाळीस अंशांचा. तेव्हा आठवण ठेवून भर घालावी लागते. ती विसरली तर टायर ट्यूबलेस असून नसल्यासारखा. नवा टायर रिमवर बसवताना हवेचा जोरदार लोट लागतो. हातपंपाने ते क्वचितच साधते. आणि सळईने टायर चांगलाच चिरला, तर द्रव सगळा रस्त्यावर वाहून जातो. मग रबराची वात भोकात खुपसायची, तेही जमले नाही तर शेवटी ट्यूबच घालायची. इथे एक फसगत होते. ट्यूबलेस टायरमध्ये महिनोन् महिने काटे रुतून बसलेले असतात, कारण त्यांनी केलेली भोके केव्हाच बुजलेली असतात. ते काढल्याशिवाय ट्यूब घातली तर पाच मिनिटांत तीही बसते.

मी विचारले, "या काळ्या सायकलीला बसेल का?"

भाच्याने मान हलवली. अठ्ठावीस इंची सायकलीची लोखंडी रिम ट्यूबसाठीच घडवलेली. तिला ना ती खाच, ना हवा धरून ठेवायची सोय. म्हणजे ज्याची अर्ध्या दिवसाची मजुरी टायरवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हा शोध अजून नाहीच. त्याचा आधार आहे तो कडुनिंबाखालचा माणूस.

आमचा निवाडा

मग भाच्याच्या सायकलीचे काय? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही रायपुरातल्या एका सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चाक फिरवून पाहिले आणि सांगितले की ही रिम ट्यूबलेसच्या कामाची नाही. टेपा लावून जुगाड करतात, पण भर वेगात टायर रिमवरून सुटला तर हात-पाय मोडतील. नीट करायचे तर दोन्ही रिमा, टायर, व्हॉल्व्ह, द्रव, सगळेच नवे. खर्च काही हजारांत जात होता. सायकलीच्या निम्म्या किमतीला टायर, असा तो हिशेब.

घरी येऊन मी माझे मत मांडले. ज्याच्या रिमा मुळातच ट्यूबलेसच्या आहेत, जो रोज काट्याकुट्यांतून लांब जातो आणि दोन-तीन महिन्यांनी द्रवाची भर घालण्याची शिस्त पाळतो, त्याने ट्यूबलेस जरूर घ्यावा; सोबत एक ट्यूब मात्र ठेवावी. ज्याची सायकल साधी आहे, आठवड्यातून दोनदा बाजारापुरती निघते, किंवा महिनोन् महिने जिन्याखाली उभी असते, त्याने त्या वाटेला जाऊ नये. उभ्या सायकलीत द्रव सुकण्यापलीकडे काही होत नाही.

आणि सिलतऱ्याच्या रस्त्याला आपल्या रिमा घेऊन जाणाऱ्या आमच्या भाच्याने? जाड तळाचा, आत चिवट पट्टा असलेला टायर घ्यावा. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये प्लास्टिकची चिवट पट्टी घालावी. आमच्या काळी आम्ही जुन्या टायरची कातडी काढून घालत असू, ती जड होते पण काम करते. दर आठवड्याला टायरवर बोट फिरवून रुतलेली कुसळे काढावीत, कारण तार पहिल्या दिवशी ट्यूबपर्यंत पोहोचत नाही, ती रोज थोडी थोडी आत जाते. हवा मापात ठेवावी. कमी हवेत ट्यूब चेमटते. पिशवीत एक जादा ट्यूब, दोन पट्ट्या, छोटा पंप आणि डोक्याला लावायचा दिवा. रस्त्यात ठिगळ लावत बसू नये. ट्यूब बदलावी आणि निघावे. ठिगळ घरी.

ताईने मध्येच विचारले, "आणि उन्हात ट्यूब फुटते म्हणतात ते?"

ते निम्मे खरे आहे. पंचवीस अंशांत चाळीस पौंड हवा भरली आणि टायर उन्हात साठ अंशांपर्यंत तापला, तर दाब सहा-सात पौंडांनी वाढतो. धड टायर एवढ्याने फुटत नाही. कुजलेला टायर, किंवा आधीच ठासून भरलेली हवा असेल तर फुटतो. सावलीत ठेवावी हे बरे.

भाच्याचा चेहरा पडला होता. त्याच्या मनात दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे करायची आहे. ठरलेल्या साडेतेरा तासांत पुरी करायची ही सायकलसफर त्या जुन्या पॅरिस-ब्रेस्टच्या परंपरेतली आहे. दोन चौक्यांच्या मध्ये बाहेरच्या कोणाची मदत घ्यायची नाही, असा तिचा नियम. मी त्याला म्हटले, "मग तर तुला पंक्चर आलंच पाहिजे. ट्यूबलेस लावलास तरी ज्या दिवशी तो दगा देईल त्या दिवशी ट्यूबच घालायची आहे. हात आधी तयार कर, रिमा पुढच्या वर्षी."

ताईने लगेच ते उचलले. "माझी पण हीच अट. आधी माझ्यासमोर ट्यूब बदलून दाखव. मग रात्री सायकल ने."

ओट्यावर परीक्षा झाली. पहिल्या दिवशी त्याला पाऊण तास लागला आणि पट्टीने ट्यूबच चिमटली. मग आम्ही दोघे पुन्हा सिलतऱ्याला त्या कडुनिंबाखाली गेलो. त्या गृहस्थांनी हसत हसत त्याला शिकवले, की शेवटची वीतभर कड पट्टीने नव्हे, तळहाताने ढकलायची, आणि त्याआधी व्हॉल्व्हपाशी टायर आत दाबून घ्यायचा म्हणजे ढिलाई मिळते. मागचे चाक काढताना चेन सर्वांत लहान चकतीवर आणून ठेवायची, हेही तिथेच कळले. शिकवणीचे पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. म्हणाले, रात्री नऊनंतर मी नसतो, तेव्हा शिकून ठेवलेले बरे. चौथ्या दिवशी, मी निघायच्या आदल्या संध्याकाळी, ताईने घड्याळ लावले. बारा मिनिटे. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. ताई काही बोलली नाही, पण रात्री जेवणात पुरणपोळी होती.

मी नागपूरला परतलो. महिन्याभराने एका रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हणजे माझ्या पोटात गोळाच आला.

"झोपला होतास का?" तिने विचारले. "अरे, आज याची पुन्हा पंक्चर झाली. धनेलीच्या जरा पुढे."

"मग?"

"मग काय! दहा वाजून वीस मिनिटांनी मला फोन करून म्हणाला, आई, वीस मिनिटं उशीर होईल, झोप तू. सव्वाअकराला घरात. हात बघ म्हणावं, कोळशासारखे काळे! आता साबण लावतोय केव्हाचा."

मागून नळाचा आवाज येत होता, आणि भाचा मोठ्याने विचारत होता की ठिगळाचे सोल्यूशन कुठे ठेवले आहे.